उशाशी उभी राहणारी डॉक्टर

न्हावऱ्याच्या पुढं उसाची ट्रॉली आडवी आली की माझ्या तोंडात आधी शिवी येते आणि मग नाकात वास. जोडट्रॉली असते ती. एकीमागे एक, दोन्ही इतक्या भरलेल्या की उसाचे शेंडे रस्त्याच्या दोन्ही कडा झाडत चाललेले. मागे दिवा नाही. असलाच तर त्यावर पाचट लोंबतंय. पुढे ट्रॅक्टरवर गाणं एवढ्या जोरात की माझा हॉर्न त्या ड्रायव्हरच्या कानापर्यंत पोचणं या जन्मी शक्य नाही. शिरूरचं ऑपरेशन उरकून मला दौंडचं गाठायचं असतं. तिथे पेशंट सकाळपासून उपाशी ठेवलेला असतो आणि सर्जनचे फोनवर फोन. पण ओव्हरटेकला जागा नसते. मग मी नाद सोडते आणि काच खाली करते. ओल्या उसाचा वास येतो, धुळीचा येतो, केडगावकडून वारा असला तर गुऱ्हाळाच्या कढईचाही येतो, गोड आणि जरासा करपलेला. त्या वासासरशी मी त्या हिवाळ्यात जाऊन पडते, ज्या हिवाळ्यात मी कसली डॉक्टर होणार ते ठरत होतं.

आम्हा डॉक्टर लोकांत ब्रँच निवडायचा हंगाम आणि इथला ऊस तोडायचा हंगाम अलीकडे एकाच सुमाराला येतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. एमबीबीएस झालं की पोरं पुढच्या शिक्षणाची परीक्षा देतात, रँक येतो, आणि मग कॉम्प्युटरवर पसंतीक्रम भरायचा: कुठली शाखा, कुठलं कॉलेज, आधी कोण, मग कोण. भरून झालं की लॉक करायचं. त्यातून जे पदरात पडेल त्याच्याशी जन्माची गाठ. लग्न मोडता येतं, ब्रँच मोडता येत नाही, असं आमच्या हॉस्टेलवर म्हणायचे. म्हणून या दिवसांत मला ज्युनियर पोरापोरींचे मेसेज येतात. मॅडम, भूल घेऊ का? मॅडम, रेडिओलॉजीसाठी एक वर्ष थांबू का? मॅडम, घरचे नको म्हणतात. या शेवटच्या मेसेजला मी ट्रॉलीमागे अडकले असले तरी फोन लावते.

मी भूलतज्ज्ञ आहे. ऑपरेशनच्या आधी माणसाला झोपवते आणि नंतर उठवते. सरकारी कागदावर आमच्या शाखेला बधिरीकरणशास्त्र म्हणतात. हा शब्द उच्चारतानाच माणूस अर्धा बधिर होतो. गावाकडे सरळ 'भुलीचा डॉक्टर' म्हणतात, आणि बाई दिसली की 'सिस्टर' म्हणतात. आम्हाला स्वतःचं हॉस्पिटल नसतं. या नर्सिंग होममधून त्या नर्सिंग होममध्ये, बॅग घेऊन, गाडीतून. पेशंट बरा होऊन पेढे वाटायला येतो तेव्हा सर्जनला देतो, सिस्टरला देतो, वॉर्डबॉयलाही देतो. आम्ही त्या वेळी दुसऱ्या गावात दुसऱ्या कुणाला झोपवत असतो.

त्या हिवाळ्यात मी घोडनदीच्या काठी, इनामगावच्या अलीकडे, एका प्राथमिक आरोग्य केंद्रात बाँडचं वर्ष काढत होते. सरकारी कॉलेजात शिकलं की एक वर्ष खेड्यात काम करायचं, तो बाँड. सकाळी ओपीडी. पाचटानं हात कापलेले, खोकणारे, कुणाच्या डोळ्यात कुसळ गेलेलं. थंडी पडली की नदीवरून धुकं थेट केंद्राच्या पायरीपर्यंत यायचं आणि त्यातून रांगेतली म्हातारी माणसं एकेक करून उगवायची. पलीकडे कुठल्याशा टेकाडावर फार जुन्या काळच्या माणसांची घरं आणि मडकी सापडलीत म्हणे. आमच्या केंद्रातल्या नर्सताई म्हणायच्या, त्यांचेही थंडीत सांधे धरत असणार. मला ते दिवस फार आवडायचे. रँक चांगला आला होता. एवढा चांगला की घरी दोन दिवस नुसता आनंद होता, आणि तिसऱ्या दिवसापासून ताण.

ताण कशाचा, ते सांगायचं तर पप्पांबद्दल सांगायला हवं. पप्पा रेल्वेत गार्ड होते. आजोबा दौंडच्याच लोको शेडमध्ये खलाशी, म्हणजे इंजिनं धुणारे-पुसणारे. पप्पांनी रिटायर होता होता रेल्वे कॉलनीच्या बाहेर घर बांधलं, आणि रस्त्याच्या अंगाला एक खोली काढून तिला शटर बसवलं. मोबाइल रिपेअरवाला मागत होता, किराणावाला मागत होता, पप्पा कुणालाच देत नव्हते. ती खोली माझी होती. मी त्या वेळी अकरावीत होते आणि फिजिक्समध्ये जेमतेम काठावर. पण पप्पांच्या डोक्यात पाटी तयार होती. पांढऱ्यावर निळी अक्षरं, डॉ. प्रज्ञा, पुढे आमचं आडनाव, खाली 'स्त्रीरोगतज्ज्ञ'. आडनाव मोठ्या अक्षरात हवं. हे आडनाव घेताना शाळेत मास्तर हजेरीच्या वहीतून मान वर करून बघायचे, पप्पांच्या वेळीही आणि माझ्याही. ते आडनाव भर रस्त्यावर, येणाऱ्याजाणाऱ्यानं वाचावं, गरोदर सुनेला घेऊन येणाऱ्यांनी पत्ता सांगताना घ्यावं, एवढंच त्यांना हवं होतं. जयंतीच्या मिरवणुकीत कुणी विचारलं की ते सांगून मोकळे व्हायचे, आमची प्रज्ञा बायकांची डॉक्टर होणार. रँक आला आणि ती जागा खरोखर हाताशी आली. स्त्रीरोग मिळत होतं. फक्त मला ते नको होतं.

लोकांना वाटतं डॉक्टर आपली शाखा फार विचार करून निवडतात. कसलं काय. माझ्या बरोबरचा एक जण हाडांचा डॉक्टर झाला, कारण हॉस्टेलच्या क्रिकेट टीममधले सगळे सीनियर हाडांचे होते. एकीला लहान मुलांचं वेड, पण मुलांच्या वॉर्डात पहिल्याच आठवड्यात एक मूल गेलं आणि तिनं त्या मजल्यावर पुन्हा पाऊल ठेवलं नाही. आज ती त्वचारोगाची डॉक्टर आहे आणि सुखात आहे. एकाच्या होणाऱ्या सासऱ्यांनी सोनोग्राफीचं मशीन आधीच बघून ठेवलं होतं, तर त्याला रेडिओलॉजीची आवड आपोआप लागली. मला मात्र बरेच जण म्हणायचे, तुझं काय बाई, तुला कुठलीही मिळेल. त्या 'तुझं काय'चा अर्थ त्यांना ठाऊक होता आणि मलाही. मी म्हणायचे, हो ना, मग माझ्यासाठी खुर्ची पुसून ठेवा. मला भांडायला आवडतं, पण जिथं समोरच्यानं आधीच निकाल लावलाय तिथं तोंड वाजवून काय उपयोग? अभ्यास तर मी केलाच होता.

भुलीचं वेड मला शेळके सरांनी लावलं. आमच्या केंद्रातून मी एका अपेंडिक्सच्या पोराला ॲम्ब्युलन्समधून शिरूरला नेलं होतं, मार्केट यार्डाच्या मागच्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये. तिथे भूल द्यायला हे सर आले. उंच, वाकलेले, शर्टाच्या खिशात पेन आणि तंबाखूऐवजी बडीशेपेची पुडी. पोराची आजी बरोबर होती. ऑपरेशनआधी पोट रिकामं लागतं, हे आजकाल सगळ्यांना ठाऊक आहे. भरल्या पोटी झोपवलं आणि उलटी झाली तर ती छातीत जाते, माणूस हातचा जातो. म्हणून मी आजीला आधीच तीनदा विचारलं होतं, काही खाल्लं का? आजीनं तीनदा सांगितलं होतं, न्हाई. सरांनी तसलं काही विचारलंच नाही. ते आजीशेजारी बाकावर बसले आणि विचारलं, यंदा म्हैस व्याली का. व्याली म्हणाली. मग दूध बक्कळ असेल. हाय की. मग सकाळी चहा सायीचाच झाला असेल. आजी म्हणाली, तर काय, आन् ह्यो पोरगा साय काढू देतो व्हय, आख्खी बशी पिला. सर शांतपणे उठले, सर्जनना म्हणाले थोडं थांबू, आणि मला डोळ्यांनीच विचारलं, कळलं का?

मला कळलं ते असं की आजी खोटं बोलली नव्हती. तिच्या लेखी चहा हे खाणं नव्हतं, एवढंच. जेवण म्हणजे भाकरी. आणि कुठल्या घरातलं पोर सकाळी बिनचहाचं बाहेर पडेल? हे विचारायची रीत पुस्तकात नाही. ती बाकावर बसून, म्हशीपासून सुरुवात करून, माणसाच्या घरात शिरून विचारायची असते. आणि बडबड तर मला जन्मजात येते. शाळेत बडबडीसाठी बाकावर उभी केलेली मी, कॉलेजात सर म्हणायचे प्रज्ञाचं तोंड बंद करायला भूल द्यावी लागेल. तर मेडिकलमध्ये बडबडीची गरज असलेली एक जागा आहे, आणि ती म्हणे सगळ्यात गप्प समजली जाणारी शाखा. मला हसूच आलं.

मग सुट्टीचा वार आला की मी एसटी पकडून शिरूर गाठायला लागले. सरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, ये की, बघायला काय लागतंय. एकदा सणसवाडीच्या कंपनीतला एक बिहारी पोरगा आला होता, प्रेस मशीनमध्ये बोटं सापडलेली. घाबरून पांढरा पडलेला. सरांनी त्याला टेबलावर घेतलं आणि विचारलं, छठ को घर पे कौन कौन आता है? तो सांगायला लागला. बड़े चाचा, छोटे चाचा, बुआ, फिर मामा... आणि मामापाशी त्याला झोप लागली. हाताचं काम झालं, त्यानं डोळे उघडले, तर सर उशाशी वाकून म्हणतात, हाँ, मामा के बाद? आणि तो पठ्ठ्या त्याच गुंगीत म्हणतो, मामी और उनकी तीन बेटियाँ. सगळं थिएटर हसलं, त्याच्या डोळ्यांतून मात्र पाणी वाहत होतं. मधला सगळा वेळ त्याच्यासाठी जणू झालाच नव्हता.

त्या दिवशी मी एक गोष्ट नीट पाहिली. ऑपरेशन सुरू झालं की पेशंटवर हिरवं कापड पडतं. सर्जनपुढे उरतो एक चौकोन, तेवढाच उघडा. पोट, नाहीतर हात, नाहीतर गुडघा. ते बरोबरच आहे, त्याला तिथेच बघायला हवं. पण कापडाच्या पलीकडे माणसाचा चेहरा असतो, मिटलेल्या डोळ्यांचा, आणि त्या चेहऱ्याशी एकच डॉक्टर उभा असतो. श्वास त्याच्या हातात, नाडी त्याच्या हातात, आणि सगळं संपल्यावर नावानं हाक मारायचं कामही त्याचंच. मला काय व्हायचंय असं कुणी विचारलं असतं तर मी शाखेचं नाव सांगितलंच नसतं. मला त्या जागेवर उभं राहायचं होतं. आज ज्युनियर पोरं मला पगार किती, कॉल किती, झोप किती ते विचारतात. विचारावं, पोट सगळ्यांना आहे. मी म्हणते, पण एक दिवस थिएटरमध्ये जाऊन नुसते उभे राहा आणि बघा, तुमचे पाय आपोआप कुठे वळतात.

घरी सांगायला मी रविवार निवडला. आईनं मटण केलं होतं. मी जेवणानंतर सांगितलं. आई आधी हसली. म्हणाली, लोकांना झोपवायला एवढं शिकायचं? मी तुला फुकटात झोपवलं की. पप्पा हसले नाहीत. त्यांनी ताट बाजूला सारलं, हात धुऊन आले, आणि उभ्यानंच बोलले.

"गाडीला दोन माणसं असत्यात. म्होरं ड्रायव्हर आन् मागं गार्ड. गार्डानं झेंडी दाखवल्याबिगर गाडी हालत न्हाई. पर लोक कुणाला बघत्यात? मी जन्मभर शेवटच्या डब्यात बसलो, प्रज्ञा, मागं मागं जाणारा रूळ बघत. स्टेशनात एक माणूस कवा म्हणला न्हाई, ह्यो ह्या गाडीचा गार्ड. तुला मी शेवटच्या डब्यात बसाया शिकवलं न्हाई."

मला वाद घालता येतो, पण ते खरंच बोलत होते. भुलीच्या डॉक्टरला पाटी नसते. रस्त्यावर निळ्या अक्षरांत आडनाव लागलं नसतं. मी कुठल्या तोंडानं सांगणार की पप्पा, नाव दिसण्यात काय आहे? ज्यांची नावं पिढ्यान्‌पिढ्या दिसत आलीत त्यांना ते म्हणणं सोपं. त्या दिवसापासून पप्पा माझ्याशी आईमार्फत बोलायला लागले. तिला म्हणावं एसटी सुटंल. तिला म्हणावं स्वेटर ने. मी पसंतीक्रम भरायला बसायचे, वर स्त्रीरोग टाकायचे, खोडायचे, भूल टाकायचे, खोडायचे. लॉक करायचा दिवस जवळ येत होता. खरं सांगते, मी जवळजवळ पाटी निवडली होती. बाप एकच असतो.

शेळके सरांना माझ्या चेहऱ्यावरून कळलं असावं. ते म्हणाले, वडलांना एकदा घेऊन ये. मी त्यांच्याशी काही बोलणार नाही, नुसतं बाहेर बसू दे. पप्पा येतील असं मला वाटलं नव्हतं. पण आले. इस्त्रीचा शर्ट घालून, दौंडहून एसटीनं, सगळा वेळ खिडकीतून बाहेर बघत. रस्त्यानं ऊसच ऊस, ऊसतोड्यांच्या कोप्यांपुढे चुली पेटलेल्या, टायरच्या बैलगाड्यांची रांग.

त्या दिवशी पित्ताच्या पिशवीतले खडे काढायचं ऑपरेशन होतं. मनीषा नावाची पोरगी, माझ्याच वयाची, बरोबर तिची आई. सर मला म्हणाले, आज तू विचार. मी त्या मावशींशेजारी बसले. म्हैस नव्हती त्यांच्याकडे, चहा दिला नव्हता, पाणी दिलं नव्हतं, शपथेवर. मी उठणारच होते. तेवढ्यात मनीषाच्या तळहाताला काहीतरी चिकटलेलं दिसलं. विचारलं, घरून किती वाजता निघालात, उंबऱ्यावर कोण कोण होतं, निघताना काय काय केलं? मावशी म्हणाल्या, काय करणार, देवापुढं दिवा लावला, पोरीच्या हातावर दही-साखर दिली आन् निघालो. किती दिली? वाटीभर. एवढ्या मोठ्या कामाला चमचाभर कसं द्यायचं? मी म्हटलं, मावशी, काही खाल्लं नाही म्हणालात ना. त्या गोंधळून बघत राहिल्या. ते काय खाणं झालं व्हय, शकुनाचं ते. माझ्या दहावीला, बारावीला, एमबीबीएसच्या प्रत्येक पेपरला आईनं माझ्याही हातावर दही ठेवलंय. मी तरी ते कधी खाण्यात धरलं होतं? ऑपरेशन दुपारवर गेलं. सर्जन जरा कुरकुरले, सरांकडून मला मात्र पाठीवर एक थाप मिळाली.

पुढचं मला पप्पांनी नंतर सांगितलं, तेही एका दमात नाही, तुकड्यातुकड्यांनी. दुपारी मनीषाला आत घेतलं, मी सरांबरोबर आत गेले, आणि बाहेर बाकावर उरले पप्पा आणि मावशी. मावशींनी स्वतःला शिक्षा लावून घेतली होती. माझ्यामुळं पोर ताटकळली म्हणून सकाळपासून पाण्याचा थेंबही घेतला नव्हता. पप्पांनी चहा आणला तर नको म्हणाल्या. मग पप्पांनाही एकट्यानं घेववेना, चहा निवून गेला. थोड्या वेळानं मावशींनी विचारलं, दादा, तुमचं कोण आत हाय? पप्पा म्हणाले, पोरगी. मावशींना वाटलं, यांचीही पोरगी टेबलावर. त्यांनी पप्पांनाच धीर द्यायला सुरुवात केली. घाबरू नका, डाक्टर देवमाणूस हाय, पोरी लई चिवट असत्यात, आपल्यापरीस चिवट. पप्पांनी दुरुस्त केलं नाही. का केलं नाही ते त्यांना अजून सांगता येत नाही. दोघं त्या बंद दाराकडे बघत बसून राहिले. मावशी मधूनच विचारायच्या, एवढा टाइम लागतो व्हय? आणि पप्पा, ज्यांना यातलं ओ की ठो माहीत नव्हतं, ते म्हणायचे, लागतो, लागतो. दार जरा हाललं की दोघंही उठून उभे राहायचे.

आत मनीषानं डोळे उघडले तेव्हा सरांनी मला पुढे केलं. मी तिच्या कानाशी वाकून हाक मारली. तिनं माझ्याकडे पाहिलं, ओठ हलवले, आणि पहिलं वाक्य काय बोलली तर, आईनं काही खाल्लं का बघा. मी डोक्यावरच्या टोपीसकट तशीच बाहेर पळाले. मावशींना म्हटलं, जागी झाली, बोलली, तुम्ही जेवलात का विचारतेय. त्या मटकन बाकावर बसल्या आणि रडायला लागल्या. मग पदरानं तोंड पुसलं, आणि स्वतःचं निस्तरल्यावर शेजारच्या माणसाची आठवण होते तशी पप्पांकडे वळून त्यांचा हात धरला.

"तुमची कवा येणार भाईर?"

पप्पा म्हणाले, "आली की. हीच माझी."

मावशींनी माझ्याकडे बघितलं, टोपीकडे बघितलं, पुन्हा पप्पांकडे. हात सोडला नाही. म्हणाल्या, "म्हंजी माझी निजली व्हती तवा तुमची तिच्या उशाशी व्हती म्हणा की."

पप्पांनी मान हलवली. बाहेर टपरीवर जाऊन त्यांनी तीन चहा आणले. मावशींनी बशीत ओतून फुंकर न घालताच प्यायला. मी दाराशी उभ्याउभ्याच माझा चहा संपवला आणि पुन्हा आत गेले.

परतीच्या एसटीत पप्पा माझ्याशी थेट बोलले, आईमार्फत नाही. ती उठेपर्यंत तुला तिथून हालता येत न्हाई? मी म्हटलं, नाही. चहाला बी न्हाई? नाही. आन् लाइट गेली तर? तरी नाही. बाहेर कारखान्याच्या धुराड्याचा धूर आडवा पसरला होता आणि ऊन उतरत चाललं होतं. मग म्हणाले, ते दह्याचं तू कसं वळखलं? मी सांगितलं. ते खिडकीकडे तोंड करून हसले, पण मला दिसलं.

त्यांनी हो मात्र म्हटलं नाही. मीही विचारलं नाही. आमच्या घरात मोठ्या गोष्टी विचारून होत नाहीत, होऊन गेल्यावर कळतात. लॉक करायच्या सकाळी मी केंद्रातून रजा घेऊन घरी आले होते. ओट्यावर ऊन आलं होतं, आई मेथी निवडत होती, मी मांडीवर लॅपटॉप घेऊन पायरीवर. सगळ्यात वर भूल भरली आणि यावेळी खोडली नाही. लॉकचं बटण दाबलं तर स्क्रीनवर आलं, नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे. आणि नोंदवलेला मोबाइल होता पप्पांचा. फॉर्म भरला तेव्हा खेड्यात माझ्या फोनला रेंज नसायची, म्हणून त्यांचाच नंबर दिला होता, आणि मी ते पार विसरून गेले होते. मेथीवरचा आईचा हात थांबला. आत खोलीत फोन वाजला.

पप्पा फोन घेऊन बाहेर आले. चष्मा नव्हता, फोन हातभर लांब धरलेला. माझ्याकडे न बघता आकडे वाचायला लागले, गाडीचा नंबर सांगावा तसे, एकेक, स्वच्छ. मी टाइप करत होते. मधेच थांबले.

"वर काय टाकलंय?"

माझी बोटं कीबोर्डवरच राहिली. म्हटलं, "भूल."

"ते मला ठाऊक हाय. कॉलेज कुठलं म्हणतोय मी."

मी कॉलेजचं नाव सांगितलं. पुण्यातलंच होतं. त्यांनी मान डोलावली, फोन पुन्हा लांब धरला आणि राहिलेले आकडे वाचले. मी बटण दाबलं. स्क्रीनवर एक हिरवी टिक आली, आणि झालं. आईनं मेथीची जुडी पुन्हा हातात घेतली. पप्पा माझ्या शेजारी पायरीवर येऊन बसले आणि डोळे बारीक करून स्क्रीनवरचं वाचायचा प्रयत्न करत राहिले.

"आता बदलता येत न्हाई ना हे?"

"नाही पप्पा."

"मग बरं झालं," ते म्हणाले. "माझा काय भरवसा न्हाई."